सात सामन्यांची खात्री

आमचे भाऊजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी बारा वर्षांची होते. ताईच्या लग्नाची बोलणी चालली होती. मोठी माणसं पुढच्या खोलीत गंभीर चेहऱ्यांनी बसलेली, आणि हा होणारा नवरदेव मागच्या अंगणात विटांचे तुकडे मांडून मला फुटबॉलमधलं ऑफसाइड म्हणजे काय ते समजावत होता. मी दोन शंका विचारल्या, त्यांनी दोन्हींची उत्तरं दिली. तिसरी विचारल्यावर डोकं खाजवत म्हणाले, "ही पोरगी आहे की टाचणी?" तेव्हापासून मी त्यांच्यापुरती टाचणी झाले ती झालेच.

त्याला बावीस वर्षं झाली. आईवडील गेल्यावर ताईने मला आपल्याकडे आणलं, तिच्या मागच्या खोलीत माझं बिऱ्हाड. घरात आम्ही तिघंच. ताई पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. भाऊजी आणि मी एकाच कारखान्यात, बाटल्यांच्या. ते पॅकिंग खात्याचे मुकादम, मी तपासणीच्या टेबलावर. माझं काम सांगायला सोपं आहे. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातल्या वीस बाटल्या उचलायच्या, दिव्यासमोर धरायच्या, बुडबुडा, चीर, वाकडी मान काय दिसेल ते लिहायचं. वीस बाटल्यांवरून दोन हजारांचा निकाल द्यायचा. आयुष्यभर हेच केल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुणी काही ठामपणे सांगितलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "कितींवरून म्हणताय?"

भाऊजी कारखान्याच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षकही होते. सात वर्षं संघ आठांच्या गटात पाचवा-सहावा यायचा, कुणाला सुखदुःख नव्हतं. मग एकदा ते मला म्हणाले, "टाचणी, सामन्याला येतेसच तर कोण किती फटके मारतो ते लिहून ठेव. माझ्या लक्षात राहत नाही." मी रेघांची वही घेतली आणि लिहायला लागले. नुसती मोजदाद मला पटेना, म्हणून खुणा ठरवल्या. गोलाची अगदी उघडी संधी असेल तर पूर्ण वर्तुळ, बरी असेल तर अर्धं, आणि लांबून उगाच मारलेल्या फटक्याला टिंब. दोन्ही संघांचं लिहायचे.

त्या वर्षी आमचा संघ जिंकत सुटला. चौदा सामने, अकरा विजय, दोन बरोबरी, एक हार. गुणतक्त्यात पहिला नंबर. कारखान्याच्या फाटकाशी तो तक्ता मोठ्या अक्षरांत लावला होता. कामावर येणारी माणसं भाऊजींच्या पाठीवर थाप मारून आत जायची. ज्यांना फुटबॉल गोल असतो एवढंच ठाऊक, तेही डावपेचांवर बोलायला लागले.

माझी वही मात्र वेगळं बोलत होती. अकरापैकी नऊ विजय एका गोलाचे. अकरापैकी आठ सामन्यांत समोरच्यांची वर्तुळं आमच्यापेक्षा जास्त. आमची माणसं सगळी मागे गोळा होऊन बसायची, समोरचे चढाई करायचे, आणि आमचा गोलकीपर ते सगळं अंगावर घ्यायचा. हा भट्टीवर काम करणारा, ताडमाड उंच, सगळे त्याला शिडी म्हणायचे. त्या वर्षी शिडीला काय झालं होतं देव जाणे, बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर काढायचा. चार पेनल्टी मिळाल्या आमच्याविरुद्ध, त्यातल्या दोन त्याने अडवल्या, एक गोलाच्या बारवर आपटली. मग शेवटच्या दहा मिनिटांत आमचा कुणीतरी पळत जायचा आणि एक गोल मारून यायचा.

मी गप्प बसले असते. पण साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या व्यवस्थापकांनी, भाऊजींना नवीन पद देऊ केलं. क्रीडा प्रमुख. पॅकिंगची मुकादमी सोडायची, पूर्ण वेळ संघ बघायचा. मुकादमीवर लगेच दुसरा माणूस बसणार होता.

संध्याकाळी भाऊजी घरी आले ते चपला काढायच्या आधीच सांगायला लागले. ताई शिवणाच्या मशीनवरून उठली, हसत होती. मी म्हणाले, "भाऊजी, मुकादमी सोडू नका."

"का गं?"

मी वही आणून त्यांच्यापुढे ठेवली. आठही सामने दाखवले. मी म्हणाले, "हे दर वर्षी नाही चालणार. हा आपला खेळ नाही, शिडीचे हात आहेत. त्याचे हात जरा इकडेतिकडे झाले की हेच सामने आपण हरणार."

ते आधी हसले. "तक्ता बघ बाई, तक्ता. तुझी वर्तुळं फाटकावर कुणी लावत नाही."

"चौदाच तर सामने झालेत. चौदांवरून काय ठरतं?"

"अकरा जिंकलोय!"

"म्हणून तर म्हणतेय."

त्यांचं हसू गेलं. वही त्यांनी उघडीच ठेवून दिली आणि हातपाय धुवायला गेले. ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज खाली ठेवून म्हणाली, "बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणी काहीतरी दिलंय. तुला ते बघवत नाही का?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मी वही उचलून कपाटात टाकली. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी पद घेतलं. त्या तिरीमिरीत मी जेवणाच्या सुट्टीत माल रवाना करणाऱ्या खात्यातल्या मैत्रिणीजवळ मन मोकळं केलं. आमच्या संघात काही दम नाही, नशिबाने जिंकलाय, असं काहीतरी बोलून गेले. कारखान्यात बोललेली गोष्ट चार भिंतींत राहत नाही हे मला कळायला हवं होतं.

सामन्यांच्या सुट्टीचे तीन महिने गेले. एकदा वही कपाटातून काढली तर तिची पानं दुमडलेली. कडेला पेन्सिलीने बारीक बाण काढलेले, कुठून कुठे पास जायला हवा होता त्याचे. अक्षर भाऊजींचं. मला काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पण सरावाच्या वेळी मैदानावरून जाताना बघितलं तर संघ ओळखू येईना. मागे गोळा होणं बंद. छोटे छोटे पास, सगळे मिळून पुढे सरकायचे. भाऊजी शिट्टी विसरून हातवारे करत पळत होते. दुखरा गुडघा धरून, पण पळत होते.

नवं वर्ष सुरू झालं आणि आम्ही हरायला लागलो.

पहिला सामना एक-शून्य हरलो. त्यात आमची पाच पूर्ण वर्तुळं, त्यांचं एक. दुसऱ्यात आमच्याच माणसाच्या पायाला लागून चेंडू आमच्या जाळ्यात. तिसरा जिंकलो, चौथ्यात बरोबरी. मग ओळीने तीन हरलो, तिन्ही एका गोलाने. सहाव्या सामन्यात आमचा चेंडू दोनदा बारवर आपटला, तेव्हा माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, "यांनी कुणाचं घोडं मारलंय कोण जाणे." सात सामन्यांत एक विजय, एक बरोबरी, पाच पराभव. तक्त्यात शेवटून दुसरे.

फाटकाशी आता भाऊजींच्या पाठीवर कुणी थाप मारत नव्हतं. काहीजण तर तक्त्याकडे बघून मग त्यांच्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. पोरं कुजबुजत होती, जुनं होतं तेच बरं होतं. भाऊजी घरी येऊन ताटावर बसायचे, दोन घास खाऊन उठायचे. ताई माझ्याशी कामापुरतं बोलायची. मीठ दे, दार लाव, एवढंच.

आणि मी वहीत बघायचे तर सातपैकी सहा सामन्यांत आम्ही सरस होतो. गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी चांगले. हे मी एकदा भाऊजींना सांगायला गेले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "आता नको, टाचणी."

आठव्या सामन्याच्या दोन दिवस आधी साहेबांनी मला बोलावलं. मी टेबलावरचा एप्रन न काढताच गेले. त्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात गेल्या वर्षीची ढाल होती, आणि टेबलावर या वर्षीच्या तक्त्याची प्रत.

"बसा. मी ऐकलं, तुम्ही सामन्यांच्या नोंदी ठेवता. आणि संघात दम नाही हे तुम्ही गेल्याच वर्षी म्हणाला होतात."

बोललेलं कुठून कुठे पोचलं होतं.

"तेव्हा तुमचं कुणी ऐकलं नाही," साहेब म्हणाले. आवाज चांगला, मऊ होता. "मी ऐकतोय. घरचं माणूस असून तुम्ही खरं बोललात. त्या नोंदी मला द्या. मला प्रमुख बदलायचे आहेत, आणि नुसत्या तक्त्यावर ते करणं मला बरं वाटत नाही."

"साहेब, नोंदी देते. पण त्या उलट बोलतात. गेल्या वर्षी आपण वाईट खेळून जिंकलो. यंदा चांगलं खेळून हरतोय."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले. "म्हणजे जिंकलो तेव्हा वाईट आणि हरलो तेव्हा चांगले. बाई, तुमची वही आरशात बघून लिहिता का?"

मी सगळं सांगितलं. वर्तुळं, अर्धी वर्तुळं, बार, स्वतःवर झालेला गोल. त्यांनी मधे तोडलं नाही. ते मूर्ख नव्हते, आणि तेच अवघड झालं. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षी चौदा सामन्यांवरून संघ चांगला म्हणता येत नाही, असं तुमचं म्हणणं होतं. बरोबर?"

"हो."

"मग यंदा सातांवरून कसं म्हणता येतं?"

माझी नजर कपाटातल्या ढालीवर गेली.

"तुम्ही तपासणीला आहात म्हणून विचारतो. तुम्हाला खात्री आहे का? की हा संघ खरंच चांगला आहे, आणि पुढचे सात सामने वेगळे जातील?"

हो म्हणायला काय जात होतं? एक शब्द. पण मला दिव्यासमोर धरलेली बाटली दिसत होती. मी म्हणाले, "खात्री नाही, साहेब. शक्यता वाटते."

"झालं तर." त्यांनी तक्त्याची प्रत माझ्याकडे वळवली. "तुमची खात्री नाही, माझीही नाही. पण बाहेर जे चारशे लोक काम करतात, त्यांना हा कागद दिसतो."

मी टेबलावर परत आले. पुढच्या घाण्यातल्या वीस बाटल्या कशा तपासल्या ते मला आठवत नाही.

संध्याकाळी मी खोलीचं दार लावून दोन्ही वर्षांच्या खुणा पहिल्यापासून तपासल्या. सामने डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. यंदाच्या पाचव्या सामन्यातलं एक पूर्ण वर्तुळ, तो फटका लांबून मारलेला होता. गेल्या वर्षी असल्या फटक्याला मी अर्धं वर्तुळसुद्धा दिलं नव्हतं. तिसऱ्यात तसंच एक. सहाव्यात दोन. म्हणजे भाऊजी पडायला लागले तसा माझा हात नकळत सैल झाला होता. ती सगळी काढून टाकली तरी आम्ही सातपैकी चार सामन्यांत सरस उरत होतो, पण सहाचे चार झाले होते. आणि गेल्या वर्षी, त्या फाटकावरच्या थापा बघून, माझा हात उलटा घट्ट तर झाला नसेल? ते मला आता कधीच कळणार नव्हतं.

आठव्या सामन्याच्या आदल्या दिवशी भाऊजींना काढलं. त्यांचाच सहायक, दुसऱ्या पाळीतला एक जुना खेळाडू, त्याच्या हाती संघ दिला. मुकादमी तर केव्हाच भरलेली. भाऊजींना फुटक्या काचेच्या आवारात पाठवलं. तिथे परत आलेला आणि नापास झालेला माल फोडतात आणि रंगाप्रमाणे वेगळा करतात. हिरवी काच एका ढिगात, पांढरी दुसऱ्या. माझ्या टेबलावरून नापास झालेलं सगळं तिथेच जातं.

ताईने त्या दिवशी स्वयंपाक केला, वाढला, आणि मग ताटाशी बसून मला विचारलं, "तू साहेबांकडे गेली होतीस?"

"त्यांनी बोलावलं होतं."

"काय सांगितलंस?"

"संघ चांगला खेळतोय असं सांगितलं."

"आणि?"

"खात्री आहे का, विचारलं. मी नाही म्हणाले."

ताईने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "तुला एकदा तरी खोटं बोलता आलं असतं गं. आमच्यासाठी." भाऊजी मधे बोलले, "अगं, तिने हो म्हटलं असतं तरी काढलंच असतं मला." ताई उठून गेली. तिचं जेवण तसंच राहिलं.

मला एक गोष्ट खात होती आणि ती विचारल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. मी म्हणाले, "भाऊजी, माझी वही वाचून तुम्ही खेळ बदललात ना? नसती वाचली तर..."

"वहीच्या आधीच ठाऊक होतं मला." ते ताटातल्या पाण्यात बोट फिरवत होते. "सगळे नाचायचे आणि मी घड्याळ बघत उभा असायचो, शिट्टी कधी वाजते म्हणून. आज सुटलो, एवढंच वाटायचं. तू बोललीस तेव्हा राग आला तो त्याचाच."

"मग तसंच का नाही चालवलं?"

"नाही चालवता आलं." त्यांनी खांदे उडवले. "यंदाचे सामने मी डोळे उघडे ठेवून बघितले, टाचणी. हरलो, पण बघितले." मग त्यांनाच ते पुरेसं वाटलं नसावं. "ताईला हे सांगू नकोस. तिला वाटेल, माझ्या हौसेपायी घर बुडालं. तसं असेलही."

पंधरवड्याने भट्टीच्या बाजूला शिडी भेटला. पाणी पीत भिंतीला टेकून उभा होता. मला बघून सरळ झाला. म्हणाला, "तुमच्या वहीत माझं काय लिहिलंय?"

"गोलकीपरचं मी वेगळं लिहीत नाही."

"लिहायला पाहिजे होतं." त्याने ओल्या हाताने तोंड पुसलं. "गेल्या वर्षी मला एका सामन्यात दहा-दहा वेळा उडी मारावी लागायची. अंग गरम असायचं. यंदा अर्धा अर्धा तास नुसता उभा. मग एकदम एकजण समोर येतो आणि माझे हात लाकडासारखे. हरलेल्या पाच सामन्यांतले तीन गोल तरी मी गेल्या वर्षी अडवले असते. तुम्ही सगळे नशीब म्हणताय, नशीब नाही ते. मी आहे."

मी त्याला म्हणाले, असं धरून चालू नये, चांगले गोलही होते ते. तो म्हणाला, "मला उगाच बरं वाटावं म्हणून बोलू नका." आणि भट्टीकडे गेला.

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की आपण जे मोजत होतो ते मोजण्याजोगं होतं की नाही, इथूनच सुरुवात आहे. संघ चांगला खेळल्यामुळे गोलकीपर बिघडला असेल तर तो संघ चांगला की वाईट? हे कुणाला विचारायचं? ज्यांना विचारलं असतं ते काचेच्या आवारात हिरवं-पांढरं वेगळं करत होते.

संघ मात्र नव्या माणसाच्या हाताखाली जिंकायला लागला. उरलेल्या सातपैकी चार विजय, दोन बरोबरी, एक हार. कारखान्यात सगळे म्हणाले, बघा, माणूस बदलला आणि फरक पडला. नवा माणूस म्हणायचा, आम्ही जुन्या पद्धतीवर आलो. मी दोन सामने वहीशिवाय बघितले. मला तर पोरं तशीच खेळताना दिसली, भाऊजींनी शिकवलं तसे छोटे पास, मिळून पुढे. कधी मागे गोळा व्हायची, कधी विसरायची. पण मी ते शपथेवर सांगणार नाही. माझे डोळे कुणाच्या बाजूने बघतात हे मला आता माहीत झालं होतं.

ताई हळूहळू बोलायला लागली, पण पूर्वीसारखं नाही. पूर्वी ती मशीनवरून मला हाक मारून काहीतरी फालतू सांगायची, कोणत्या गिऱ्हाइकाचं पोट सुटलंय वगैरे. ते बंद झालं ते झालंच. कारखान्याजवळ एक खोली रिकामी होती. मी ती बघून आले. ताई 'जा' म्हणाली नाही, 'राहा'ही म्हणाली नाही. पुढच्या महिन्यापासून मी ती घेतली.

वर्षाचा शेवटचा सामना झाला तेव्हा माझं अर्धं सामान बांधलेलं होतं. मी सामना बघून परत आले. भाऊजी दारातल्या पायरीवर बसून बोटातला काचेचा कण काढत होते. सुई तिरकी धरलेली, चष्मा कपाळावर. मी सुई त्यांच्या हातातून घेतली आणि शेजारी बसले.

"जिंकले?" त्यांनी विचारलं.

"जिंकले. एक-शून्य."

"बरं झालं."

मी कण काढला. इवलासा, पांढरा. त्यांनी बोट दाबून रक्त पुसलं. कसा खेळ झाला हे ते विचारतील म्हणून मी थांबले होते. काय सांगायचं ते मी रस्ताभर ठरवत आले होते, आणि ठरलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही. रस्त्यावरून शाळेतली पोरं सायकली दामटत गेली.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "तो उजव्या बाजूचा पोरगा आहे ना, त्याला पुढच्या वर्षी मधे खेळवून बघितलं पाहिजे. त्याला दोन्ही पाय चालतात. आपण त्याला उगाच कडेला..."

बोलता बोलता ते थांबले. चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला, पुन्हा लावला. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ताईला विचारायला आत गेले की चहा टाकायचा का.